अंड्याच्या बदली केळे

चोपड्याहून अडावदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उत्तरेस, जेथे केळीच्या बागा संपून वेचणी उरकत आलेली कपाशीची शेते लागतात आणि सातपुड्याची निळसर रेघ हात पुढे केल्यास बोटाला लागेल इतकी निकट भासते, तेथे आमच्या एका स्नेह्याच्या मळ्यात दरसाल चंपाषष्ठीच्या आगेमागे भरिताचा बेत होतो. चातुर्मासात पानातून हद्दपार झालेले वांगे खंडोबाच्या नैवेद्याचे निमित्त करून या दिवसांत सन्मानाने परत येते, आणि ते परत यावयाचे तर खानदेशातच यावे, कारण जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनाची जी सरकारी सनद मिळाली, ती येथील जिभेने फार पूर्वीच देऊन टाकलेली होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवट-पांढरी टपोरी वांगी हिरव्या मिरच्यांसह लाकडी भांड्यात ठेचलेली, वर पातीचा कांदा, शेंगदाणे आणि सढळ हाताचे तेल, सोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, आणि हे सारे केळीच्या पानावर; अशा जेवणात मांसाची आठवण कोणास होऊ नये. त्या सायंकाळी मात्र ती झाली.

वादी आणि प्रतिवादी दोघेही माझ्या परिचयाचे. गुरुजींनी तालुक्यातील शाळांतून तीस-पस्तीस वर्षे संस्कृत व मराठी शिकविले. विसाव्या वर्षी गळ्यात घातलेली तुळशीची माळ अद्याप गळ्यात आहे, आणि पायांनी साथ दिली त्या एकाही वर्षी त्यांची आषाढीची वारी चुकलेली नाही. डॉक्टरीणबाई त्यांचीच विद्यार्थिनी. घर शेतकऱ्याचे, पाहुणा आला की कोंबडे आणि नवस फिटला की बोकड असा त्या घरचा शिरस्ता. सध्या सातपुड्याच्या पायथ्याशी एका सरकारी दवाखान्यात नेमणुकीवर. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य. सबब दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून रोजनामा लिहिणे एवढाच माझा अधिकार, आणि तोच येथे बजावीत आहे.

विषय निघाला तो शाळेतील अंड्यावरून. शाळेच्या अन्नाचे दप्तर मी त्याच्या जन्मापासून पाहिलेले आहे. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा हजेरी ऐंशी टक्के भरलेल्या मुलास दरमहा तीन किलो तांदूळ मोजून दिले जात, आणि ते मुलाच्या पोटात किती जात व घरच्या मडक्यात किती, याची नोंद ठेवण्याचा रकानाच आमच्या नोंदवहीत नव्हता. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि शिजवलेले अन्न ताटात पडू लागले. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे द्यावे, आणि जे मूल अंडे खात नसेल त्यास केळे किंवा स्थानिक फळ द्यावे, असा निर्णय काढला. त्यावर हरकती आल्या, दुरुस्त्या झाल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठीची खर्चाची तरतूद काढून घेऊन ते लोकसहभागातून द्यावे असे ठरले. कचेरीच्या भाषेत लोकसहभाग या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मी निवृत्तिवेतन घेत असल्याने सांगत नाही.

"माय," गुरुजी म्हणाले (आमच्याकडे वडीलधारी माणसे लेकीबाळींना असेच हाकारतात), "शाळेत पालकांपुढे तू अंड्याची वकिली केलीस, असं कानावर आलं."

"वकिली नाही गुरुजी, साक्ष दिली. मुलांची वजनं माझ्या वहीत आहेत, ती वाचून दाखवली."

"वजन देहाचं. ज्या अन्नानं देह वाढतो त्याच अन्नानं मन घडतं, हे छांदोग्यात सांगितलंय. आहार शुद्ध तर सत्त्व शुद्ध."

"त्या वाक्यातल्या आहाराचा अर्थ शंकराचार्यांनी इंद्रियांनी आत घेतले जाणारे सगळे विषय असा केला, आणि अन्न असा अर्थ रामानुजांनी धरला, हे मला तुम्हीच दहावीत सांगितलं होतं. म्हणजे आचार्यांमध्येच जिथं एकमत नाही तिथं मुख्याध्यापकांनी कुणाचं भाष्य प्रमाण मानायचं?"

गुरुजी हसले. प्रतिपक्षाच्या हाती आपणच घडविलेले शस्त्र पाहून ज्याला आनंद होतो, त्या दुर्मीळ जातीचे ते शिक्षक आहेत. त्यांनी बाजू बदलली आणि गीतेचा सतरावा अध्याय पुढे केला. तेव्हा बाईंनी शांतपणे एवढेच निदर्शनास आणले की, त्या तीन श्लोकांत सात्त्विक, राजस व तामस अन्नाची वाटणी चव, ताजेपणा आणि परिणाम यांवरून केलेली असून मांसाचे नावही तेथे घेतलेले नाही. उलट अति तिखट, अति उष्ण आणि दाह करणारे अन्न राजस ठरविलेले असल्याने गुरुजींच्या पानावरील भरीत आणि बाजूचा मिरचीचा ठेचा हे दोन्ही गीतेच्या जाबत्यात गुन्हेगार ठरतात.

"ठेच्याबद्दल मी पंढरीनाथाची स्वतंत्र माफी मागतो," गुरुजी म्हणाले. "पण तू नुसती पळवाट काढू नकोस. आपल्या शास्त्रात मांस होतं हे मी कधी नाकारलं? बृहदारण्यकात विद्वान पुत्र व्हावा म्हणून मांसमिश्रित भात सांगितलाय. चरकानं तर सरळ निर्णय दिलाय की जीवन देणाऱ्यात दूध श्रेष्ठ आणि देह पुष्ट करणाऱ्यात मांस श्रेष्ठ. मनूच्या पाचव्या अध्यायात यज्ञाचं आणि श्राद्धाचं मांस चालतं. पण त्याच अध्यायात पुढं तो मांस सोडण्याचं फळ मोठं सांगतो, आणि प्राण्याच्या वधाचे वाटेकरी मोजताना मारणाऱ्यावर थांबत नाही. अनुमती देणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे एकूण आठ धरतो. शास्त्र म्हणजे एका दिवसात सुटलेला हुकूम नव्हे; ते हजार वर्षांचं चालणं आहे, आणि चालणाऱ्याची दिशा कुठं आहे ते पाहावं लागतं."

हा युक्तिवाद मला वजनदार वाटला, आणि तो ज्या परंपरेतून आला तीही खानदेशच्या मातीतील आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला. त्या मालिकेतील सोळावे प्रवचन ५ जूनच्या रविवारी झाले, आणि मांसाहाराचा त्याग हा आपल्या पूर्वजांनी केलेला अहिंसेचा एक महान प्रयोग होता, असे विनोबांनी त्यात मांडले. अर्थात आपले पूर्वज मांस खात नव्हते असा भाबडा दावा विनोबांचा नव्हताच. ते खात होते आणि त्यांनी ते क्रमाक्रमाने सोडले, यातच विनोबांना पुरुषार्थ दिसला. ज्याच्यापाशी कधी मांस नव्हतेच त्याने न खाणे यात प्रयोग कसला, हा प्रश्न तेथून आपसूक निघतो, आणि तो पुढे निघालाही.

मध्येच शेजारी बसलेल्या ओसवाल व्यापारी मित्रांनी तोंड घातले. त्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले होते. वांगे बहुबीज म्हणून आणि कांदा जमिनीखालचा म्हणून वर्ज्य असल्याने त्यांनी वरणाशी भाकरी खाल्ली होती. ते म्हणाले, "गुरुजी, माझ्या हिशेबी तुमचं भरीत हे मांसाहाराच्या अलीकडचंच गाव आहे. फार लांब नाही." सर्व जण हसले, पण त्या हसण्यात एक तथ्य होते: शाकाहार ही एक रेघ नसून तो एक जिना आहे, आणि प्रत्येकास आपली पायरी सोडून खालची प्रत्येक पायरी हिंसेची वाटते.

"मला धर्मव्याध आठवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नजरेनं बगळी जाळणाऱ्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेत खाटकाच्या दुकानी जावं लागलं, आणि त्या व्याधानं त्याला सांगितलं की नांगर चालला की जमिनीतले जीव मरतात, धान्याचा दाणा हाही जीवच आहे, तेव्हा हिंसेपासून अगदी मोकळा कोण? ही कपाशी, हे केळीचे बाग, यांवर किती फवारण्या होतात ते मला वहीत नोंदवावं लागतं, कारण फवारणारे माझ्याकडे येतात."

"आणि त्याच व्याधानं सांगितलं की मी मांस विकतो पण स्वतः खात नाही. तो अर्धा भाग तू गिळलास."

"नाही गुरुजी, त्या अर्ध्यासाठीच मी त्याचं नाव काढलं. तो खात नाही आणि तरी विकतो. म्हणजे आपलं व्रत तो आपल्या ताटात ठेवतो, गिऱ्हाइकाच्या ताटात टाकत नाही."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. वनपर्वातील ही कथा त्यांनी किती वर्गांना शिकविली असेल, त्याची गणती नाही; परंतु तिचा हा अर्थ कोणी विद्यार्थ्याने त्यांच्यापुढे ठेवलेला नसावा. अखेर ते म्हणाले, "तो त्या धंद्याला पूर्वकर्माचा दोष म्हणतो, भूषण म्हणत नाही. तेवढं तरी ध्यानात ठेव." बाईंनी ते मान्य केले. मला स्वतःला ही दोन्ही विधाने एकत्र धरली असता त्या खाटकाचे चित्र अधिकच भव्य वाटते, पण रोजनामा लिहिणाऱ्याने मत देऊ नये.

याच ओघात गुरुजींनी, कदाचित स्वतःच्या बाजूस अपायकारक ठरेल याची तमा न बाळगता, भवभूतीच्या उत्तररामचरिताचा चौथा अंक काढला. वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ आले तेव्हा जुन्या मधुपर्काच्या रीतीप्रमाणे वासराचा बळी पडला, आणि त्याच दिवशी आलेल्या जनकाने मांस वर्ज्य केलेले असल्याने त्यास केवळ दह्या-मधाचा मधुपर्क देण्यात आला. आश्रमातील दोघे बटू यावरून एकमेकांची थट्टा करतात. मी हे ऐकले आणि माझ्यातील कारकून जागा झाला. एकाच आश्रमात, एकाच दिवशी, दोन पाहुण्यांस त्यांच्या त्यांच्या नियमाप्रमाणे दोन पाने, आणि कोणाचे पान कोणाच्या हरकतीवरून नामंजूर नाही. २०२३ च्या शासननिर्णयास याहून जुना पूर्वदाखला शोधूनही मिळाला नसता.

"ठीक," गुरुजी म्हणाले, "मग हरकत कशाची? खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला केळं. आणि केळं आमच्या रावेर-यावल-चोपड्याचं. त्याहून गोड न्याय कोणता?"

येथून वाद शास्त्रांतून निघून शरीरशास्त्रात शिरला. डॉक्टरीणबाईंनी पानावरील भाकरीचा एक तुकडा उचलला. ज्वारीत लायसीन नावाचे प्रथिनांतील घटकद्रव्य उणे असते आणि ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनीन उणे आणि ते ज्वारीत त्या मानाने बरे. ज्या कोण्या खानदेशी बाईने ही दोन धान्ये एका जात्यात घातली तिला या नावांची वार्ता नसेल, पण तिने जे साधले ते प्रयोगशाळेने पुढे सिद्ध केले. दोन्ही एकाच घासात हवीत असेही नाही, दिवसभरात पोटात गेली म्हणजे झाले. शंभर ग्रॅम उडदात चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तोलास तोल मटणाहून कमी नव्हेत. तेव्हा शाकाहाराने स्नायू होत नाहीत, ही तालमीतली समजूत त्यांनी गुरुजींच्या बाजूनेच फेटाळून लावली. लोहाचे मात्र थोडे निराळे. मांसातील लोह शरीर चटकन उचलते, पालेभाजीतील व धान्यातील कुरकुरत उचलते. वर लिंबू पिळले तर बरे उचलते आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. गुरुजींच्या हाती त्या क्षणी चहाचा पेला होता. त्यांनी तो खाली ठेवला, आणि पाचेक मिनिटांनी, कोणी पाहत नाहीसे वाटून, पुन्हा उचलला.

"आणि बारा नंबर?" गुरुजींनीच विचारले.

हा प्रश्न त्यांनी विचारण्यास कारण होते. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांच्या तळपायांस मुंग्या येऊ लागल्या. पुढे पायातील चप्पल निसटून मागे राहिली तरी कळेना. एका ठिकाणी वयाचा परिणाम म्हणून मलम मिळाले, दुसऱ्या ठिकाणी कंबरेचा पट्टा मिळाला, त्या वर्षीची वारी बुडाली. मग ते या विद्यार्थिनीकडे गेले. तिने रक्त तपासविले, ब-१२ जीवनसत्त्व अत्यल्प निघाले, सुया सुरू झाल्या, आणि काही महिन्यांनी तळपायास पुन्हा माती समजू लागली. म्हातारपणी त्यांनी दूधही कफाच्या भीतीने सोडले होते, हे तेव्हा उघडकीस आले.

बाईंनी सांगितले ते मी यथाशक्ती उतरवितो. ब-१२ हे १९४८ साली शुद्ध रूपात हाती आले आणि १९५६ साली डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली. त्याच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा एक कण बसलेला असतो. ते कोणतीही वनस्पती बनवीत नाही, आणि गंमत अशी की कोणताही प्राणीही बनवीत नाही; बनवितात ते जिवाणू. गाय गवत खाते, तिच्या पहिल्या पोटातील जिवाणू ते तयार करतात, आणि तिच्या दुधातून ते आपल्याकडे येते. मोठ्या माणसास दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम पुरते, म्हणजे धुळीच्या कणाएवढेही नाही. शंभर मिलिलिटर दुधात त्याचा पाचवा हिस्सा आणि एका अंड्यात साधारण चौथा हिस्सा असतो. यकृतात साठा असल्याने तूट वर्षानुवर्षे दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती मज्जातंतूंवर दिसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह खेडी, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत हे द्रव्य कमी आढळले, आणि शाकाहारी लोकांत तो धोका चौपटीहून अधिक निघाला.

"म्हणजे ही गोळी कुठल्या प्राण्यापासून करत नाहीत?" गुरुजींनी मुद्दा अचूक धरला.

"नाही. जिवाणूंच्या आंबवणातून करतात."

"मग विज्ञानानं तर आमचीच वाट मोकळी केली. एका काळी चरकाला रोग्याला मांसरस द्यावा लागला असेल. आता जीव न घेता तेच मिळतं. प्रयोग पुरा व्हायला एवढीच अडचण उरली होती."

"तर मग गुरुजी, कीर्तनात सांगाल? माळ घालताना मांस-मदिरा सोडण्याची शपथ घेतात, तसंच दूध पेलाभर घ्यावं, नाही जमलं तर आठवड्याला एक गोळी घ्यावी, असं फडावरून सांगाल? तुमच्या पायांची गोष्ट सांगाल?"

गुरुजींनी होकार दिला. (पुढे एका एकादशीस त्यांनी खरोखरच सांगितले, आणि श्रोत्यांपैकी दोघांनी देवळातच चपला काढून आपले तळपाय चाचपून पाहिले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.)

मग बाई मूळ मुद्द्यावर आल्या, आणि त्यांचा स्वर बदलला. "तुम्ही म्हणता तो शास्त्रातला शाकाहार दुधा-तुपाचा आहे. अंगणात गाय धरूनच तो लिहिलेला आहे. खुद्द गांधीजी दुधाचा त्याग करून आजारी पडले आणि शेवटी शेळीच्या दुधावर आले, व्रताचं अक्षर राखलं पण प्राण राखला नाही अशी खंत करत का होईना, आले. माझ्या दवाखान्यात वरच्या पाड्यांवरची मुलं येतात. पावरा, बारेला, भिल्ल. तुमच्या नोंदीत ही सगळी मंडळी मांसाहारी. रोजच्या ताटात काय असतं? ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, पातळ डाळ, अंबाडीची भाजी, मिरची. चहा कोरा. कोंबडं-बोकड सणाला, मासा नदीला पाणी असलं तर. कागदोपत्री मांसाहारी आणि प्रत्यक्षात दुधाविना शाकाहारी. ज्याचा त्याग करायचा ते आधी त्याच्या ताटात तरी पडू द्या. आदिवासी भागाच्या अमृत आहार योजनेत अंगणवाडीच्या मुलांनाही अंडं किंवा केळं असाच पर्याय आहे, आणि आपल्याकडे केळं स्वस्त, दारात पिकतं, फुटत नाही, म्हणून सोयीचं केळंच होतं. केळं वाईट नाही. पण अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आहेत आणि केळ्यात एक ग्रॅमच्या आसपास, आणि बारा नंबर शून्य. अंड्याच्या बदली केळं ही अदलाबदल नाही. तो तोटा आहे."

केळ्याचा असा उपमर्द चोपडा तालुक्यात, तोही केळीच्या पानावर जेवताना, क्वचितच कोणी केला असेल.

गुरुजींनी दोन उत्तरे दिली. पहिले सम्राट अशोकाचे: गिरनारच्या पहिल्या शिलालेखात राजा सांगतो की पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जाते, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाही, तर राज्यकर्त्याने समाजास दयेच्या दिशेने नेणे हा अधर्म कसा? बाई म्हणाल्या की त्या लेखात यज्ञातील बळींना बंदीही आहे, हे खरे. पण आपल्याच स्वयंपाकघराचा हिशेब प्रजेपुढे मांडणारा राजा निराळा आणि दुसऱ्याच्या लेकराच्या ताटाचा हिशेब मांडणारा पालक निराळा. देवदत्ताने भिक्षूंना मांस-मासळी सक्तीने वर्ज्य करावी अशी मागणी केली तेव्हा बुद्धांनी, ज्याला न खाणे असेल त्याने खुशाल न खावे, पण सर्वांवर नियम नको, असे उत्तर दिले, याचे स्मरण त्यांनी करून दिले.

दुसरे उत्तर अधिक खरे होते. "ज्या शाळेत तू साक्ष दिलीस," गुरुजी म्हणाले, "तिथं खिचडी शिजवणारी बाई माळकरी आहे. विधवा आहे, महिन्याला मिळतात ते चार पैसे तिला हवेत. मनूनं शिजवणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला वाटेकरी धरलंय, हे तिनं वाचलेलं नाही, पण तिच्या हाताला ते ठाऊक आहे. अंडी उकडताना ती तोंडाला पदर लावून रडली. मुलाच्या ताटात व्रत टाकू नये म्हणतेस, तर तिच्या हातातलं व्रत काढून घेण्याचा अधिकार तरी कुणाचा?"

यावर डॉक्टरीणबाईंपाशी तयार उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते असल्याचा आव आणला नाही. अंडी दुसऱ्या भांड्यात दुसऱ्या कोणी उकडावीत एवढेच त्या म्हणाल्या. पण दुसरी बाई म्हणजे दुसरे मानधन, आणि त्याची मंजुरी कोण देणार, हे आम्हा तिघांसही ठाऊक होते. भाकड जनावरांचा प्रश्नही मळ्याच्या मालकांनी काढून पाहिला (गोवंशहत्याबंदीच्या २०१५ च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलाचे काय करावे हे ज्याचे त्याला ठाऊक), पण तो निराळा खटला आहे आणि त्याची तारीख आम्ही पुढची दिली.

"बरं, माझी बाजू हरली असं समज," गुरुजी अखेर म्हणाले. "अंडं मी विकत घेऊन देणार नाही, ते माझ्याकडून व्हायचं नाही. पण केळ्यानं भागत नाही हे पटलं. मग अंड्याच्या तोलाचं, जीव न घेता, काय होईल ते सांग. ग्रॅममध्ये सांग."

"पंचवीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सहा ग्रॅम प्रथिनं. पेलाभर दूध म्हणजे आणखी तेवढीच, आणि त्यात बारा नंबरही आला. दोन्ही मिळून अंड्याला मागं टाकतात. पण दोन्ही पाहिजेत."

कचेरीत हयात घालविलेल्या माणसाने निकाल देऊ नये, पण एवढे माझ्या नावावर लिहून ठेवतो: जो कोणी आपल्या धर्माच्या आधारे दुसऱ्याच्या मुलाच्या अंड्यास हरकत घेईल, त्याने हरकतीच्या अर्जासोबत त्या अंड्याच्या तोलाची भरपाई जोडावी, भरपाईवाचून आलेला अर्ज दाखल करून घेऊ नये. पोथ्यांनी दोन्ही बाजूंस पुरेसा आधार दिलेला आहे आणि शरीरशास्त्रानेही. मुलाच्या ताटात दोहोंपैकी एकही अद्याप पडलेले नाही.

पुढच्या सोमवारी गुरुजींनी निवृत्तिवेतनातून घेतलेले पंचवीस किलो शेंगदाण्याचे पोते वरच्या पाड्यावरील शाळेत पोचते केले आणि मुख्याध्यापकांची पावती माझ्याकडे जपून ठेवण्यास दिली. दुधाची गाडी मात्र डांबरी रस्ता संपतो तेथूनच अजून परत फिरते.